सरकारी कवी आणि बदकांचे गुपित

१९५६ सालच्या मार्च महिन्याच्या वीस तारखेस दिल्ली येथे ऑल इंडिया रेडिओचे एक अधिकारी कालवश झाले. वय अवघे शेहेचाळीस. खात्याच्या दृष्टीने एक जागा रिकामी झाली. मराठी साहित्याच्या दृष्टीने नवकवितेचा प्रवर्तक गेला. त्यांचे नाव बाळ सीताराम मर्ढेकर. त्यांच्या कवितेवर, कादंबऱ्यांवर आणि सौंदर्यविचारावर तेव्हापासून आजवर इतके लिहिले गेले आहे की त्यांची एक स्वतंत्र ग्रंथसूची होईल. परंतु मर्ढेकरांच्या स्वतःच्या ग्रंथसूचीत चार लहानशी नावे अशी आहेत, की ज्यांच्याजवळ समीक्षक सहसा थांबत नाहीत. ‘कर्ण’ (१९४४), ‘संगम’ (१९४५), ‘औक्षण’ (१९४६) आणि ‘बदकांचे गुपित’ (१९४७) ही ती नावे. या चार संगीतिका होत. रंगभूमीसाठी नव्हे, नभोवाणीसाठी लिहिलेल्या. ‘रेडिओ’ला त्या काळी मराठीत नभोवाणी हाच शब्द रूढ होता.

ज्या माणसाने मराठी कवितेचा चेहरामोहरा बदलला, त्याने कचेरीच्या कामाच्या ओघात केलेले किरकोळ लेखन म्हणून या चार नावांकडे पाहण्याची रीत पडली आहे. ती रीत न्याय्य नाही. संगीत नाटक ही ज्या भाषेची मोठी मिरास, त्या भाषेत नाटक आणि गाणे यांची केवळ कानासाठी नव्याने जुळणी करण्याचा हा एक आरंभीचा गंभीर प्रयत्न होता. आणि तो सरकारी नोकरीतील एका कवीने केलेला होता, ही गोष्टही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

संगीत नाटक आणि सरकारी नोकरी यांचे नाते मात्र मर्ढेकरांपाशी सुरू होत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा ते रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीतले नोकर होते. दिवसा सरकारी टिपणे आणि रात्री नाट्यपदे असा हा संसार. पुढे वसंतराव देशपांडे यांच्यासारख्या गवयाचीही उमेदीची वर्षे लष्करी हिशेबखात्यात गेली. महाराष्ट्रातील कलेचा इतिहास लिहिणाराने हजेरीपटही चाळावेत, असे म्हटले तर ती केवळ थट्टा ठरणार नाही.

किर्लोस्करांनी जी नाट्यपरंपरा सुरू केली, तिचे सामर्थ्य पदांत होते आणि तिची सैलाईही पदांतच होती. नाटक रात्री सुरू व्हावे आणि प्रेक्षकांच्या ‘वन्स मोअर’च्या आरोळ्यांनी लांबत लांबत पहाटेला भिडावे, यात कोणालाच वावगे वाटत नसे. गाणे सुरू झाले की कथा आदबीने बाजूला उभी राहत असे. तरीसुद्धा या परंपरेने विनोद आणि संगीत यांचा एक उत्तम संसार उभा करून दाखविला. तो म्हणजे गोविंद बल्लाळ देवलांचा ‘संशयकल्लोळ’. मूळ कल्पना मोलियरची. ती एका इंग्रजी नाटकाच्या वाटेने देवलांकडे आली. १८९३ साली त्यांनी तिचे गद्य नाटक केले आणि १९१६ साली पदे घालून ते गंधर्व नाटक मंडळीच्या हाती दिले.

या नाटकाचा हास्यरस कशावर उभा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे नभोवाणीपुढची अडचण आपोआप उलगडते. रेवती भर रस्त्यात मूर्च्छित होते आणि फाल्गुनराव तिला सावरतो. हे त्याची बायको कृत्तिका दुरून पाहते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते. ती तसबीर न्याहाळताना फाल्गुनराव तिला पाहतो. बस्स, एवढ्यावर संशयाचा सारा कल्लोळ! म्हणजे येथे प्रत्येक गैरसमज डोळ्यांनी होतो, आणि प्रेक्षक हसतो तोही डोळ्यांनी पाहून. आता हेच नाटक एका बंद खोलीतून मायक्रोफोनसमोर बोलून दाखवा. तसबीर नाही, रस्ता नाही, मूर्च्छाही नाही; आहेत ते केवळ आवाज. ऐकणाऱ्याला मूर्च्छा कळावी म्हणून कोणीतरी ‘अगबाई, ही तर मूर्च्छित पडली’ असे मोठ्याने म्हणावयाचे, तोवर विनोदाचा जीव गेलेला असतो. रंगभूमीवरचे नाटक जसेच्या तसे नभोवाणीवर नेता येत नाही. तिच्यासाठी वेगळे लिहावे लागते, हा धडा सर्वच देशांनी थोड्याफार ठेचा खाऊन शिकला.

इंग्लंडने तो लवकर शिकला. १९२४ सालच्या जानेवारीत बी.बी.सी.ने रिचर्ड ह्यूजेस यांचे ‘डेंजर’ हे नभोनाट्य सादर केले. त्याची कथा कोळशाच्या खाणीतल्या अंधारात घडते. युक्ती मोठी चतुर होती: पात्रांनाच काही दिसत नाही, तेव्हा श्रोत्याने न दिसल्याची तक्रार कोणाकडे करावी! पुढच्याच वर्षी, १९२५ साली, संगीताची पाळी आली. ए. पी. हर्बर्ट हे ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचे लेखक, पेशाने नव्हेत पण परीक्षेने बॅरिस्टर. आणि जेफ्री टॉय हे संगीतकार व वाद्यवृंदाचे संचालक. या दोघांनी मिळून ‘द रेड पेन’, म्हणजे तांबडी लेखणी, या नावाची संगीतिका खास ध्वनिक्षेपणासाठी रचली. तिचे वर्णन त्यांनी ‘एक प्रकारचा ऑपेरा’ असे केले. नभोवाणीसाठी मुद्दाम रचलेल्या पहिल्यावहिल्या संगीतकृतींत तिची गणना होते.

या कृतीचा विषय मोठा मासलेवाईक आहे. साहित्य आणि कला यांचे राष्ट्रीयीकरण व्हावे अशी मागणी कवींकडून येते, सरकार ती मान्य करते, आणि मग कविता हे एक सरकारी खाते होऊन बसते. कवी पगारी नोकर झाला म्हणजे काय काय घडेल, याची कल्पना करण्यास सचिवालयात चार वर्षे काढलेल्या कोणाही मनुष्यास हर्बर्टची मदत लागू नये. कवितेचा मसुदा खालून वर जाईल, प्रत्येक टेबलावर एकेक विशेषण गळेल, आणि मंजुरी येईतो वसंत ऋतू उलटून जाईल. त्यावेळी बी.बी.सी. ही सरकारी संस्था नव्हती, एक खाजगी कंपनी होती. १९२७ च्या आरंभी तिचे सनदी महामंडळ झाले. तेव्हा १९२५ सालच्या इंग्रज श्रोत्याला कवींचे खाते ही निव्वळ थट्टाच वाटली असणार. कान हाच प्रेक्षक मानून लिहिलेला हा विनोद शब्दांवर, यमकांवर आणि सुरांच्या नकलेवर चालणारा होता. तसबिरीची त्याला गरज नव्हती.

ही थट्टा दहा-बारा वर्षांत हिंदुस्थानात एका अर्थी प्रत्यक्षात उतरली. मुंबईचे केंद्र १९२७ सालच्या जुलै महिन्यात एका खाजगी कंपनीने सुरू केले. तीन वर्षांच्या आत त्या कंपनीचे दिवाळे वाजले आणि १९३० साली ध्वनिक्षेपण सरकारच्या पदरी आले. दिल्ली केंद्र १९३६ च्या पहिल्या जानेवारीस अलीपूर रोडवरील एका बंगल्यातून बोलू लागले, आणि त्याच वर्षी जून महिन्यात खात्याला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. खात्याचे प्रमुख लायनेल फील्डन बी.बी.सी.तूनच आलेले. त्यांच्यानंतर ती सूत्रे अहमद शाह बुखारी यांच्याकडे गेली. हे बुखारी म्हणजेच ‘पतरस’ या नावाने लिहिणारे उर्दूतले नामांकित विनोदी लेखक. एका विनोदी लेखकाच्या हाती अख्ख्या देशाचे ध्वनिक्षेपण असावे, हा योग हर्बर्टलाही सुचला नव्हता.

त्या काळच्या दिल्ली केंद्रात उर्दू-हिंदीतील कसदार लेखकांचा मेळा जमला होता. कृष्ण चंदर, उपेंद्रनाथ अश्क, नून मीम राशिद आणि सआदत हसन मंटो हे सारे एका छपराखाली होते. मंटोंनी तेथे नभोनाट्यांचा अक्षरशः पाऊस पाडला. पण लिखाणात झालेल्या फेरफारांवरून खटका उडाला आणि १९४२ साली ते मुंबईस निघून गेले. म्हणजे तांबडी लेखणी येथेही होतीच.

या लेखणीचा सर्वांत मोठा फटकारा मात्र मसुद्यांवर बसला नाही. तो एका वाद्यावर बसला. १९४० सालच्या मार्चपासून ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियम, म्हणजे आपली पेटी, वाजविण्यास मनाई झाली. पेटीचे स्वर बांधीव. तिच्यावर मींड घेता येत नाही आणि श्रुती सापडत नाहीत, असे तिच्या विरोधकांचे म्हणणे होते. रवींद्रनाथ ठाकूरही त्या विरोधकांपैकी एक होते. शास्त्र म्हणून हा आक्षेप खोटा नव्हे. परंतु मराठी नाट्यसंगीताच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय झाला, हे दिल्लीत फारसे कोणी विचारले असेलसे दिसत नाही. पेटी वा ऑर्गन, तबला आणि सारंगी यांवर मराठी नाट्यपद उभे असे. नट बोलता बोलता गाऊ लागतो तो पेटीने दिलेल्या सुराचा हात धरून. तो हातच काढून घेतल्यावर बोलणे आणि गाणे यांच्या सांध्यावर काय ठेवावे, हा प्रश्न नभोवाणीवर काम करणाऱ्या मराठी माणसापुढे आला. ही मनाई पुढे तीन दशके टिकली. १९७१ नंतर ती हळूहळू सैल झाली.

या घरात मर्ढेकर १९३८ साली दाखल झाले. जन्म खानदेशातील फैजपूरचा, शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातले. १९२९ मध्ये आय.सी.एस.च्या परीक्षेसाठी ते विलायतेस गेले, त्या परीक्षेत यश न येता १९३३ मध्ये परतले. आय.सी.एस.चे नुकसान काय झाले ते तिचे तिला ठाऊक. मराठीचा त्यात लाभच झाला. ते लंडनमध्ये होते ती वर्षे इंग्रजी नभोवाणीच्या ऐन बहराची होती. ‘गुड नाइट व्हिएन्ना’ ही खास नभोवाणीसाठी रचलेली संगीतिका १९३२ साली तेथे इतकी गाजली की त्याच वर्षी तिचा बोलपट निघाला.

‘शिशिरागम’ हा मर्ढेकरांचा पहिला संग्रह १९३९ चा. त्यात पुढच्या मर्ढेकरांची चाहूल फार थोडी आहे. ती लागते ती १९४२ सालच्या ‘रात्रीचा दिवस’ या कादंबरीत. मनात एकामागून एक उमटणारे, अर्धवट तुटणारे, पुन्हा जुळणारे शब्द जसेच्या तसे टिपण्याचा तो प्रयत्न होता. ही कादंबरी वाचताना डोळ्यांपेक्षा कान अधिक जागा ठेवावा लागतो. दिवसभर मायक्रोफोनच्या सान्निध्यात वावरणाऱ्या माणसाच्या हातून ती लिहिली गेली, ही गोष्ट योगायोगापलीकडची असावी.

दोनच वर्षांनी ‘कर्ण’ आला. तेव्हाची नभोवाणी म्हणजे बहुतांशी जिवंत कार्यक्रम. ध्वनिमुद्रणाची सोय तुटपुंजी. नट, गायक, वादक एकाच खोलीत उभे, समोर घड्याळाचा काटा, आणि चुकले तर ते साऱ्या प्रांताने ऐकावयाचे. येथे ‘वन्स मोअर’ नाही. श्रोता टाळी वाजवीत असेल तर ती त्याच्या घरातल्या माणसांनाच ऐकू जाणार. रात्रभराचे नाटक येथे काही मिनिटांच्या पात्रात मावले पाहिजे. तेव्हा पद हे कथेला थांबविणारे असून चालत नाही. पदानेच कथा पुढे नेली पाहिजे. संवादात लय हवी आणि गीतात संवाद हवा. किर्लोस्करी नाटकात गद्य आणि पद्य शेजारी शेजारी नांदत होते. संगीतिकेत त्यांना एकाच पंक्तीला बसावे लागले.

मर्ढेकरांसारख्या लेखकाला हे बंधन जाचक वाटण्यापेक्षा सोयीचेच वाटले असावे. सौंदर्याचा विचार करताना त्यांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे मांडली, आणि प्रत्येक कलेने आपल्या माध्यमाशी प्रामाणिक असावे याविषयी ते कमालीचे कर्मठ होते. नाटकाने चित्राची उसनवारी करू नये, काव्याने संगीताची करू नये, असा तो आग्रह. असा माणूस संगीतिका हा मिश्र प्रकार हाताळतो, यात वरवर विसंगती भासेल. परंतु नभोवाणीवर माध्यम एकच उरते, ते म्हणजे ध्वनी. शब्दही ध्वनी, स्वरही ध्वनी, आणि दोन वाक्यांमधली शांतताही ध्वनीच्याच हिशेबात. संवाद, विरोध आणि समतोल यांची कसोटी याहून स्वच्छ जागी लावून पाहता आली नसती.

विषयांची निवडही पाहण्याजोगी आहे. पहिले नाव महाभारतातील; दुसरे व तिसरे, ‘संगम’ आणि ‘औक्षण’, घरगुती मंगलतेच्या सुगंधाची. आणि चौथ्या खेपेस एकदम बदके! ‘बदकांचे गुपित’ हे शीर्षक गंभीर चेहऱ्याने उच्चारणे कोणासही साधणार नाही. कर्णाच्या पाठोपाठ बदकांना मायक्रोफोनसमोर उभे करण्यास एक प्रकारचे धैर्य लागते. मर्ढेकरांच्या कवितेत प्राण्यांचा वावर नवा नाही. पिंपातल्या उंदरांनी तर मराठी रसिकांची झोप उडविली. मुंग्याही त्यांच्या कवितेत रांगेने येतात. त्या साऱ्या जीवसृष्टीत बदके ही सर्वांत खेळकर प्रजा. ज्या वर्षी हे गुपित आले, त्याच १९४७ साली ‘काही कविता’ हा संग्रह प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी देश स्वतंत्र झाला. एकाच लेखणीतून एका वर्षात यंत्रयुगातील माणसाच्या वैफल्याची ती दाहक कविता आणि ही बदके बाहेर पडावीत, हे मर्ढेकरांच्या अभ्यासकांनी अधिक मनावर घ्यावयास हवे होते. त्यांच्या उपहासाची आणि खेळकरपणाची मुळे एकच आहेत. शब्दाला अनपेक्षित शेजारी बसविणे, संतांच्या ओवी-अभंगाच्या वळणात गिरणी-बाजाराची भाषा भरणे, हे सारे कानाचे खेळ आहेत.

पुढे जे घडले ते हर्बर्टच्या संगीतिकेला पुरवणी अंक म्हणून जोडता आले असते. ‘काही कविता’वर अश्लीलतेचा खटला भरला गेला. एका सरकारने ज्याच्या शब्दांना ध्वनिक्षेपणाचे दार उघडून दिले होते, त्याच कवीला दुसऱ्या एका सरकारने त्याच्या शब्दांसाठी न्यायालयात उभे केले. केंद्राच्या कचेरीत हा मनुष्य लोकांनी काय ऐकावे हे ठरविणारा अधिकारी; कोर्टात तोच लोकांनी वाचू नये ते लिहिणारा आरोपी. १९५२ साली ते निर्दोष सुटले. मध्यंतरी नोकरी चालूच होती, बदल्या होत होत्या, आणि १९५१ मध्ये त्यांनी ‘आणखी काही कविता’ प्रसिद्ध केल्या. पुस्तकाचे हे नाव वाचताना त्यातला मिस्कील स्वर ऐकू न येणारा वाचक विरळा. राष्ट्रीयीकरण झालेला कवी मिंधा होतो, हे हर्बर्टचे भाकीत मर्ढेकरांच्या बाबतीत तरी फसले. मात्र त्याची किंमत हर्बर्टच्या कवींना मोजावी लागली नव्हती, ती यांना लागली.

खटला निकालात निघाला त्याच १९५२ साली दिल्लीत माहिती आणि नभोवाणी खात्याची सूत्रे डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी गृहस्थांकडे आली. दहा वर्षे ती त्यांच्याकडे होती. चित्रपटगीतांना त्यांनी दाराबाहेर काढले, आणि श्रोत्यांनी निमूटपणे रेडिओची सुई सिलोनकडे वळविली. १९५७ साली ‘विविध भारती’ सुरू करून ती गीते परत बोलवावी लागली. केसकरांच्या कर्मठपणाची थट्टा करणे सोपे आहे. पण कवी, लेखक आणि संगीतकार यांना निर्माते म्हणून सेवेत घेण्याचे आणि सुगम संगीत रुजविण्याचे धोरण त्यांच्याच अमदानीत वाढीस लागले. १९५५ सालच्या रामनवमीस, म्हणजे एक एप्रिलला, पुणे केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले, आणि वर्षभरात त्याची ५६ गीते घरोघर पोचली. कानाने पाहावयाची जी विद्या मराठी श्रोता शिकत होता, तिचा हा परमोत्कर्ष. मुंबई केंद्रासाठी मंगेश पाडगावकरांनी ‘बिल्हण’ ही संगीतिका लिहिली, तिला पु. ल. देशपांडे यांनी संगीत दिले आणि जितेंद्र अभिषेकी तीत गायले. तिच्यातली गाणी संगीतिकेपासून सुटून स्वतंत्रपणे जगली, इतकी की ती मुळात कोठली हेच पुष्कळांच्या ध्यानी नसते.

पण ‘गीतरामायण’ भक्तीचे आणि ‘बिल्हण’ प्रीतीचे. बदकांच्या वंशाला मराठी नभोवाणीवर त्या तोलाचा वारस मिळाला, असे म्हणणे कठीण. गद्य विनोद तेथे भरपूर होता. ‘पुन्हा प्रपंच’मधील टेकाडे भावजी आणि मीनावहिनी यांना मराठी घरांनी आप्त मानले. परंतु विनोद आणि संगीत या दोहोंचा सारखाच अधिकार असलेला पु. ल. देशपांडे यांच्यासारखा मनुष्य खात्यात असूनही, त्यांची विनोदी संगीतप्रतिभा खुलली ती खात्याबाहेर. १९५९ साली दिल्लीत दूरदर्शनचा प्रयोग सुरू झाला तेव्हा ते तेथे निर्माते होते. पेटी हे त्यांचे लाडके वाद्य, आणि पेटीलाच मनाई असलेल्या खात्यात त्यांची नोकरी! १९६१ मध्ये ‘बटाट्याची चाळ’ आणि १९६२ मध्ये ‘वाऱ्यावरची वरात’ त्यांनी रंगमंचावर आणली. त्या प्रयोगांत गाणे होते, नकला होत्या, आणि समोर हसणारे प्रेक्षक होते. विनोदाला दुसऱ्याच्या हसण्याचा आवाज लागतो, आणि घरात एकट्याने ऐकणाऱ्या श्रोत्याजवळ तोच नसतो, हेही त्यामागचे एक कारण असेल. सर्व दोष तांबड्या लेखणीच्या माथी मारणे बरोबर नव्हे.

साहित्य अकादमीचा मराठीसाठीचा पुरस्कार १९५६ साली ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथाला मिळाला. तो घेण्यास मर्ढेकर नव्हते. त्यांचे ‘नटश्रेष्ठ’ हे नाटक आणि त्या चार संगीतिका एकत्र करून १९६५ मध्ये पुस्तक निघाले. त्यात ‘कर्ण’ आहे, ‘संगम’ आणि ‘औक्षण’ आहेत, आणि बदकेही आहेत. पुस्तकात अर्थातच केवळ शब्द उरले आहेत. सूर भरणे हे कोणत्यातरी केंद्राकडे बाकी आहे.